दोन वर्षांचं लेकरू, आईबाप आणि देवाची आज्ञा

निळीफुलं

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत तरुण आईबापांचा एक छोटा गट आहे. रविवारी उपासना सुटली की मुलं चर्चच्या आवारात हुंदडतात आणि आम्ही चहाचे कप घेऊन त्यांच्यामागे. गेले काही आठवडे तिथे एकच विषय चालू आहे: लेकरू ऐकत नाही. चहा संपेपर्यंतच्या वेळात नीट बोलणं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझी लेक सव्वादोन वर्षांची. सध्या तिचे लाडके शब्द दोन, 'नको' आणि 'मीच'. चपला स्वतःच घालायच्या, त्याही उलट्या. आपण सरळ करायला गेलो की दोन्ही पाय झटकून चपला काढणार आणि पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा उलट्याच. तोंडाने मात्र 'मीच, मीच' चालू. हे या वयात सगळ्याच घरांत होतं. पण ख्रिस्ती घरात त्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आत्ताच वळण लावा. आईबापांचं ऐकायला शिकलं तरच उद्या देवाचं ऐकेल."

मला हे म्हणणं खरं वाटतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आईबापांविषयी आहे.

बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय आपल्याला पाठ असतो. मुलांनो, प्रभूमध्ये आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहा. हे वचन आपण मुलांना ऐकवतो. पण पौल तिथे थांबत नाही. चौथ्या वचनात तो बापांकडे वळतो आणि सांगतो, मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांच्या पत्रातही हेच आहे आणि तिथे कारणही दिलंय, की त्यांचं मन खचू नये. हे पत्र ज्या काळातलं आहे त्या काळी रोमन कायद्याने कुटुंबप्रमुख बापाला आपल्या मुलांवर जवळजवळ अमर्याद सत्ता होती. नवं जन्मलेलं मूल ठेवायचं की टाकून द्यायचं हेही तोच ठरवायचा. अशा जगात कुणीतरी बापाला सांगतं की तुझ्यावरही कुणी आहे, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तू या पोराला वाढवतो आहेस. त्याहून मला थक्क करणारी गोष्ट म्हणजे पौल 'मुलांनो' अशी थेट हाक मारतो. पत्र मंडळीत वाचलं जायचं, म्हणजे मुलं तिथे बसलेली होती आणि त्यांना ऐकणारी माणसं धरलेलं होतं.

कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शिपायांच्या तुकडीवरचा अधिकारी, आठवा. तो येशूला निरोप पाठवतो की मीही दुसऱ्याच्या हाताखालचा माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत; एकाला 'जा' म्हटलं की तो जातो. आपला हुकूम का चालतो हे त्या माणसाला नीट कळलेलं होतं. तो स्वतः कुणाच्यातरी आज्ञेत होता म्हणून. आईबाप म्हणून माझी जागा मला तीच वाटते. लेकीवरची माझी सत्ता माझ्या मालकीची नाही, ती सोपवलेली आहे आणि तिचा हिशेब द्यायचा आहे.

हे एकदा मनात बसलं की रोजच्या कितीतरी गोष्टी बदलतात. तिला काही सांगण्याआधी मी स्वतःला विचारते, हे तिच्या भल्याचं आहे की मला घाई आहे म्हणून? की समोर पाहुणे बसलेत आणि मला मिरवायचंय म्हणून? गॅसच्या बटणाला हात लावायचा नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, दुसऱ्याला चावायचं नाही, यात तडजोड नाही. चपला उलट्या घातल्या तर घातल्या, चार पावलांत पायालाच कळतं. आज्ञा थोड्या असाव्यात आणि ज्या असतील त्या खऱ्या असाव्यात. देवानेही सीनायवर दहाच दिल्या. आपण मात्र सकाळी उठल्यापासून नाश्त्यापर्यंतच त्याच्या तिप्पट देऊन मोकळे होतो आणि मग म्हणतो, पोर ऐकत नाही.

आणखी एक. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात देव इस्राएलाबद्दल ज्या शब्दांत बोलतो ते मी लेक झाल्यावर पहिल्यांदा नीट वाचलं. मीच एफ्राइमाला (म्हणजे इस्राएलालाच) चालायला शिकवलं, हाताला धरलं, पण त्याला बरं करणारा मी हे त्यांना कळलं नाही. पुढे येतं, मी खाली वाकून त्याला खायला घातलं. आज्ञा मोडणाऱ्या लेकराविषयी देव बोलतोय, आणि त्या बोलण्यात वाकून भरवणं आहे. ज्याची आज्ञा आपण पाळतो तो असा आहे. मग त्याच्या नावाने वाढवताना आपण कसे असायला हवं, हे उघड आहे.

आणि येशू. लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी एक छोटं वचन आहे, तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. ज्याच्याद्वारे सगळं झालं तो सुताराच्या घरात "इकडे ये", "ते ठेव" ऐकत मोठा झाला. म्हणजे आज्ञापालन ही फक्त खालच्याने वरच्यासाठी करायची गोष्ट उरली नाही. त्याने ती आपली केली.

तुमच्याकडे कसं चालतं ते लिहा. विशेषतः ज्यांची मुलं आता मोठी झालीत त्यांनी.

---

मावशी_नगर

लेख आवडला गं. पण एक बोलते, राग मानू नकोस. आमच्या वेळी एवढा विचार नव्हता. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. घरात वेताची छडी असायची आणि ती पवित्र शास्त्राच्या शेजारच्या खुंटीवरच. नीतिसूत्रं १३:२४ आम्हाला तोंडपाठ, जो छडी आवरतो तो मुलाचा द्वेष करतो. आम्ही सहा भावंडं, सगळी प्रभूच्या मार्गात आहोत. आजकालच्या आया मुलाला हात लावायलाच भितात आणि मग पोरं डोक्यावर बसतात. देवाचा धाक हवा की नको? धाकाशिवाय आज्ञापालन कसं येणार?

---

वसईची_आई

निळीफुलं, धन्यवाद. आम्ही कॅथोलिक. माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा. संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, तो आजीच्या मांडीवर बसतो, मणी ओढतो, मध्येच 'आमेन' ओरडतो. आजी त्याला गप्प करत नाही. त्याला त्या वेळी एकच नियम आहे, खोलीबाहेर पळायचं नाही.

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. आपल्याकडे 'आज्ञाधारक मूल' म्हणजे मोठं माणूस म्हणेल ते करणारं मूल असं धरतात. पाहुणे आले की "काकांना पापी दे". पोर मागे सरकतं, तोंड फिरवतं आणि आपण त्याला पुढे ढकलतो, वर "असं करतात का? ऐकायचं ना!" हे आज्ञापालन नाही. आपलं अंग कुणाच्या हाती द्यायचं हे लेकराला कळतं, ते मोडून आपण त्याला शिकवतो की मोठ्यांपुढे 'नको' म्हणायचंच नाही. मी शाळेत शिकवते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, "नको म्हणा, ओरडा, सांगा." घरात दोन वर्षांचं असताना 'नको' मारून टाकलं तर ते दहाव्या वर्षी कुठून आणणार?

आमच्या चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही हे स्पष्ट आहे. २२१७ व्या परिच्छेदात म्हटलंय की घरात राहणाऱ्या मुलाने आईबापांचं ऐकावं, पण एखादी आज्ञा पाळणं नैतिकदृष्ट्या चूक आहे अशी त्याच्या विवेकाची खात्री असेल तर त्याने ती पाळता कामा नये. दोन वर्षांच्या मुलाला विवेकाची भाषा कळत नाही, मान्य. पण तो विवेक जिथे उगवायचा ती जमीन आत्ताच तयार होते.

---

पाळकपुत्र

मावशी, तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. मीही त्याच घरांतला.

नीतिसूत्रं कुणाला उद्देशून आहेत ते बघा. 'माझ्या मुला' म्हणून ज्याला हाक मारली आहे तो टोळीबरोबर लुटालूट करायला जाऊ शकतो, परस्त्रीच्या दारी जाऊ शकतो, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू शकतो. तो मिसरूड फुटलेला तरुण आहे. त्याला सांगितलेलं वचन आपण अजून लंगोट न सुटलेल्या बाळाला लावतो, हे मला शास्त्राशी प्रामाणिक वाटत नाही. छडीचं वचन जुन्या करारात आहेच, मी ते खोडत नाही. पण त्याच पुस्तकात पंधराव्या अध्यायाची सुरुवात मृदू उत्तराने राग शमतो अशी आहे. ते वचन आपल्या घरांत खुंटीवर कुणी टांगलं नाही.

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायाचाही असाच वापर होतो. 'प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो.' हे पत्र छळ सोसणाऱ्या मोठ्या माणसांना धीर देण्यासाठी लिहिलंय: तुमचे हाल म्हणजे देवाने तुम्हाला टाकलं असं नाही, तुम्ही त्याचे पुत्र आहात. धीराचं वचन घेऊन त्याची छडी करायची नाही.

आता दुसरी बाजूही. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याची आई सुझॅना हिने १७३२ मध्ये मुलाला एक लांब पत्र लिहून मुलं कशी वाढवली ते सांगितलं. एकोणीस बाळंतपणं, त्यांतली निम्मी मुलं लहानपणीच गेली. ती म्हणते, मुलाची मर्जी आधी जिंकली पाहिजे, कारण स्वतःची मर्जी हेच सगळ्या पापाचं मूळ. वर्षाचं होताच, काहींना त्याआधीच, छडीची भीती आणि रडायचं तर हळू. हे आज वाचवत नाही. पण त्याच पत्रात घराचे नियमही आहेत, आणि ते लोक सांगत नाहीत. चूक कबूल केली की मार नाही. एका चुकीची शिक्षा दोनदा नाही. मोठी आज्ञा मनापासून पाळली की कौतुक झालंच पाहिजे. मुलाला दिलेला शब्द पाळायचा. म्हणजे त्या कडक घरातही आईने स्वतःला नियमांत बांधून घेतलं होतं. निळीफुलं म्हणतात ते हेच.

---

झोका

मी बालविकासाच्या क्षेत्रात काम करते, ख्रिस्ती आहे. मावशींनी विचारलंय, धाकाशिवाय आज्ञापालन कसं येणार? या प्रश्नावर खरोखरच संशोधन झालंय, म्हणून लिहिते.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ग्राझिना कोहान्स्का नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सव्वा वर्षाच्या आसपासपासून पावणेचार वर्षांपर्यंतची तीच मुलं पुन्हा पुन्हा पाहिली. आईने दोन प्रकारच्या गोष्टी सांगायच्या. एक, 'या सुंदर खेळण्यांना हात लावायचा नाही'. दुसरी, 'हा पसारा उचलून टोपलीत ठेव'. मुलाने फक्त आई बघतेय तोवर ऐकलं, की आईचं म्हणणं आपलं मानून मनापासून केलं, हेही वेगळं नोंदवलं. २००१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष छापले.

'करू नको' हे सगळ्या वयांत 'कर' पेक्षा सोपं निघालं. आणि जी मुलं स्वभावाने भित्री होती ती 'करू नको' मनापासून पाळण्यात पुढे होती, पण 'कर' पाळण्यात भित्रेपणाचा काही उपयोग दिसला नाही. हे स्वभावातल्या भित्रेपणाविषयी आहे, माराविषयी नाही, हे लक्षात ठेवा. तरी मला त्यातून एक दिसतं. भीती हात थांबवू शकते. तोच हात पुढे करून पसारा उचलायला लावणं तिला जमत नाही. त्यासाठी मुलाला ते काम आईबरोबर करावंसं वाटलं पाहिजे.

मी हे वाचलं तेव्हा मला योहानाचं पहिलं पत्र आठवलं, पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते. आणि आपण मोठी माणसंही आठवली. दारू नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, यात आपल्यातले पुष्कळजण पक्के. पण 'जा आणि त्या भावाशी समेट कर', 'जा आणि आजाऱ्याला भेट' म्हटलं की आपल्याला काम निघतं. योनाला देवाने 'जा' सांगितलं होतं आणि तो उलट दिशेचं गलबत पकडून निघाला.

माराबद्दल थोडक्यात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ च्या धोरणात मारणं आणि अपमान करणं दोन्ही टाळायला सांगितलंय, कारण त्याने पुढे आक्रमकपणा वाढताना दिसतो. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. घरात काय करायचं ते आपल्या विवेकावर आहे.

---

अबोली_पुणे

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचला. एक शंका आहे. आज्ञापालन हेच मूल्य म्हणून मुलात रुजवलं तर पुढे ते कुणाचंही ऐकेल ना? नवऱ्याचं, साहेबाचं, पुढाऱ्याचं? मुलींच्या बाबतीत तर हे फार झालंय आपल्याकडे. वसईच्या ताईंनी थोडं लिहिलंय, पण देवाच्या आज्ञेचं काय? देव काय म्हणतो हे शेवटी कुणीतरी माणूसच सांगतो.

---

निळीफुलं

अबोली, फार चांगलं विचारलंत. मुद्दाम वेळ काढून लिहिते, कारण याचं उत्तर आपल्याच मराठी मातीत आहे.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मनोरमा दोन वर्षांची होती. नवरा गेलेला, परका देश. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे मनोरमा तेव्हा माझ्या लेकीपेक्षा जेमतेम थोडी मोठी. तिथल्या ज्या धर्मभगिनींनी (नन) रमाबाईंना आसरा दिला, त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या आई मानत. आणि त्यांच्याशीच रमाबाईंचा १८८५ च्या सुमारास पत्रांतून मोठा वाद झाला. भगिनींना वाटत होतं, चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं ते नव्या ख्रिस्ती बाईने मानावं. रमाबाईंनी कळवलं की मला विवेक आहे, देवाची आज्ञा मी मानते, पण पुरोहित म्हणतील ती देवाची आज्ञा असं मानणार नाही. आपल्या देशातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं तसलंच मानेवर घेणार नाही. मनोरमेला कोणतं धर्मशिक्षण द्यायचं यावरही त्या भांडल्या.

याच बाईने पुढे केडगावला मुक्ती ही निराधार बायकामुलींची संस्था उभी केली आणि अखेरच्या वर्षांत इब्री आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, देव काय म्हणतो ते साध्या बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. तुमच्या शेवटच्या वाक्याला त्यांनी आयुष्य घालून उत्तर दिलंय असं मला वाटतं. मनोरमाही त्याच कामात खपली आणि आईच्या आधी काही महिने, १९२१ मध्ये, गेली.

येशूचा शिष्य पेत्र न्यायसभेपुढे उभा राहून म्हणाला की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. जो खरोखर देवाच्या आज्ञेत आहे तो प्रत्येक माणसाच्या आज्ञेत नसतो. म्हणून लेकीने माझं ऐकावं असं मला वाटतं, आणि एक दिवस देवासाठी तिला माझंही ऐकता येणार नाही असं झालं तर तेवढं बळ तिच्यात असावं, हेही वाटतं. तिची 'मीच' मला त्यासाठी शाबूत हवी आहे.

मावशी, रागावले नाही हो. सहा भावंडं प्रभूत आहात त्यात वडिलांच्या छडीचा वाटा किती आणि ते रोज पहाटे गुडघ्यांवर असायचे त्याचा किती, एवढंच विचारते. मुलं ते बघतात.

---

मावशी_नगर

पहाटे चारला उठायचे. कंदील बारीक करून. आम्ही गोधडीतून ऐकायचो, आमची नावं घ्यायचे एकेकाचं. छडी मला दोनदाच बसली असेल, खरं सांगते. पण नाव रोज घेतलेलं ऐकलंय. विचार करायला लावलास.

---

दोन_पिलांचा_बाबा

झोका यांच्या 'कर' आणि 'करू नको' ला शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे अडीच वर्षांचा आहे. त्याला लांबून "ठोकळे उचल" म्हटलं तर तो दुसरा डबाही ओतून ठेवतो. मी खाली बसलो, एक निळा ठोकळा मी टाकला, "आता लाल कुठाय?" म्हटलं, की धावत आणतो. सगळे नाही उचलत. अर्धे तो, अर्धे मी. शेवटी टोपलीचं झाकण त्याने लावायचं, हा त्याचा मान. घरात कुणी चुकून आधी लावलं तर उघडून पुन्हा लावतो.

मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बापाने सांगितलं, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. एक 'जातो' म्हणाला आणि गेला नाही. दुसरा 'नाही जात' म्हणाला, मग त्याला वाईट वाटलं आणि तो गेला. येशूच्या हिशेबात बापाचं ऐकणारा दुसरा. आपण मात्र लेकराने आधी 'नाही' म्हटलं की तिथेच निकाल देतो. त्याला मध्ये थोडा वेळ द्या. आमचा बऱ्याचदा 'नाई' म्हणून पळतो आणि आम्ही मागे न लागता काम चालू ठेवलं की स्वतःच येऊन बसतो.

एक प्रश्न, निळीफुलं. झोपायच्या प्रार्थनेला तुमच्याकडे काय करता? आमचा डोळे मिटायला तयारच नाही.

---

निळीफुलं

डोळे उघडेच राहू द्या. आम्ही प्रभूची प्रार्थना हळू म्हणतो आणि ती शेवटचा शब्द पकडते. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ला 'होवो' तीच म्हणते, मोठ्याने. मग त्या दिवशी भेटलेल्या माणसांची नावं ती घेते: दूधवाले काका, आजी, शेजारचं मांजर. आम्ही मांजरासाठीही प्रार्थना करतो. दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवत नाही. एखाद्या दिवशी 'नको' म्हणाली तर आम्ही दोघं तिच्याशेजारी बसून आमची करतो आणि ती उशीशी खेळत असते. तुम्हीही तसं करून बघा आणि इथे कळवा.

झोका, त्या 'कर' बद्दल आमच्या गटात बोलायला याल का? या रविवारी नाही तर पुढच्या. मुलांना घेऊनच या.